पाणी न चालणारी जमीन

"पाणी तेवढं सांभाळा बघा," असं दुकानदार लालसिंग अगदी सहज म्हणाला, आणि जनकाला वाटलं, हा माणूस आपल्या घरी पहाटेचा कधी येऊन गेला आहे की काय. तो तर तिच्याकडे बघतही नव्हता. काउंटरवर त्यानं लॅमिनेटचे सात-आठ तुकडे पत्त्यांसारखे मांडले होते आणि एकेकावर नख ओढून दाखवत होता. "ओरखडा येत न्हाई. खाट सरकवा, कपाट सरकवा, बराबर तसंच राहणार. जुनी फरशी फोडायचं काम न्हाई. खाली फोम टाकायचा, वर फळीत फळी अडकवायची. दोन दिवसांत घर लाकडाचं. फक्त फडकं घट्ट पिळून घ्यायचं, अन् तेबी रोज न्हाई. सांधीत पाणी उतरलं की मधलं फुगतं." "फुगलं तर वाळून पुन्हा बसत नाही का?" तिनं विचारलं. तिचा आवाज मुळातच इतका हळू, की पंखा चालू असला तर तिला दोनदा बोलावं लागे. लालसिंगनं कान पुढं केला. तिनं पुन्हा विचारलं. "न्हाई बसत, मावशी. सागवान भिजतं अन् वाळतं. हे एकदा भिजलं की भिजलं." मग त्यानं सागवानी रंगाचा एक वीतभर तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. "काकाला दाखवा. त्यांना लाकडातलं कळतं म्हणत्यात. पण ह्यात कळण्यासारखं काही न्हाई. वर लाकडाचा फोटो, आत दाबलेला भुसा."

ऑटोत बसल्यावर तिनं तो तुकडा मांडीवर धरला. वसमतच्या बाजारात चैत्राची हळद उतरली होती, रस्त्याची धूळसुद्धा पिवळी झाली होती, नाकात तो उग्र, सुका वास. तुकड्यावर तिनं बोट फिरवलं. रेषा होत्या, गाठ होती, गाठीभोवती वळून गेलेल्या रेषाही होत्या. बोटाला मात्र काहीच लागत नव्हतं. डोळ्याला गाठ आणि बोटाला सपाट. तिला उगीचच कसंतरी झालं. देवाच्या कोनाड्यात नागनाथाचा फोटो आहे, त्यावरूनही आपण रोज बोट फिरवतो, गंध लावताना; तिथंही काच लागते. तेव्हा असं कधी वाटलं नव्हतं. ती मनात म्हणाली, हे असलं मनात आणू नये. आणि म्हटल्याबरोबर ते जास्तच आलं.

घरी तिचे यजमान विश्वंभरराव बैठकीतल्या खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. उजवा पाय उशीवर. दोन महिने होत आले. खुब्याचं हाड मोडलं, नांदेडला ऑपरेशन झालं, आत सळई घातली, टाके सुकले. आता फक्त पाय खाली टेकवायचा राहिला होता आणि तेवढंच होत नव्हतं. व्यायाम शिकवायला येणारी प्रतिक्षा, विशीतली बोलकी पोरगी, वॉकर पुढं ठेवून रोज म्हणे, "काका, टेकवल्याबिगर पाय येत न्हाई. अजून महिनाभर असंच बसलात तर सांधा आखडल, मग मी येऊन बी काही कामाची न्हाई." ते खाटेच्या काठापर्यंत येत. खाली बघत. खालची फरशी पांढरीशुभ्र, काचेसारखी, तीत ट्यूबलाइट उलटी दिसे, त्यांचं स्वतःचं पाऊलही उलटं वर येताना दिसे. कपाळावर घाम फुटे. तीस वर्षं आरा मशीनवर ओंडक्यांच्या ढिगाऱ्यावरून चाललेला माणूस. "ह्या फरशीवर न्हाई," ते म्हणत. "दुसरं काहीबी टाका, शेण सारवा म्हणलं तर सारवा. ह्या फरशीवर पाय न्हाई ठेवणार मी." म्हणून हा सगळा विचार निघाला होता. फोनवर पुण्याहून हरीश म्हणाला, लाकडी टाकू आई, लाकूड पायाला धरतं, गारही लागत नाही. खरं लाकूड की लॅमिनेट, तेवढं तुम्ही दोघं ठरवा.

तेवढंच ठरत नव्हतं.

तिनं तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी तो उलटा केला, मग कडेला नाक लावलं, मग बोटाच्या पेरानं टकटक केली आणि कान दिला. वारंगा फाट्याजवळच्या आरा मशीनवर आयुष्यभर ते हेच करत आले होते. ओंडका आला की साहेबाच्या आधी त्यांची टकटक. संध्याकाळच्या एसटीनं घरी येत तेव्हा कॉलरीत, कानात, भुवयांत भुसा. दारातच ती पदरानं झटके. "भुसा हाय," ते आता म्हणाले आणि हसले, बऱ्याच दिवसांनी. "बघ गं. जलमभर अंगावरला भुसा झटकून घरात पाय ठिवला. आता त्याच्यावरच चालायचं." "म्हणून तर मी म्हणते," ती म्हणाली, "सागवानच टाकू. डोंगरकडा गावात भाऊजींच्या शेडात फळ्या पडल्यात. तुमच्या हातची झाडं. तुमची आवड आहे." हे शेवटचं वाक्य ती गेले आठ दिवस म्हणत होती. हरीशला म्हणाली, प्रतिक्षाला म्हणाली, शेजारणीला म्हणाली. त्यांची आवड आहे. दर वेळी ते थोडं गुळगुळीत होत गेलं होतं, आणि आता जिभेला त्याचं काहीच लागत नव्हतं. विश्वंभररावांनी तुकडा खाटेवर ठेवला. "आवड हाय," ते म्हणाले. "पण मला चालायचं बी हाय."

सागवान म्हणजे काय काय, ते घरात सगळ्यांना पाठ झालं होतं. आहे ती फरशी फोडायची. खाली लाकडी पट्ट्यांचा सांगाडा. जमीन वर उचलली जाणार, म्हणून दारं काढून खालून कापायची. मग फळ्या, मग रंधा, मग पॉलिश, पॉलिशचा वास आठ दिवस. हळदीच्या हंगामात सुतार मिळायचा नाही. अडीच महिने, हरीशनं हिशेब करून सांगितलं होतं. "तोपर्यंत बाबांनी खाटेवरच बसायचं का, आई?" त्याचा आवाज चढला होता. "आणि हातोड्याचे दणके? एवढी माया आहे लाकडाची?" ती फोन कानाला लावून गप्प राहिली. तिच्या गप्प राहण्याला घरात सोसणं म्हणत. गप्प राहण्याच्या आत काय काय ठेवता येतं ते तिलाच ठाऊक होतं.

तिला लाकडाची माया नव्हती. तिला पाणी चालणारी जमीन हवी होती.

हरीश दोन वर्षांचा असताना मुदतीच्या तापानं एकवीस दिवस डोळे उघडले नव्हते त्यानं. बाविसाव्या दिवशी तिनं औंढ्याच्या नागनाथाला बोलून ठेवलं, की लेकरू उठलं तर जन्मभर रोज पहाटे ओलेत्यानं पहिला तांब्या तुझ्या पिंडीवर घालीन आणि एक माळ करीन. लेकरू उठलं. तेव्हापासून तेहतीस वर्षं, बाळंतिणीच्या खोलीत गेली नाही की परगावी राहिली नाही, नेम चुकला नाही. मागच्या न्हाणीत गार पाणी अंगावर घ्यायचं, नेसूच्या लुगड्यानंच, आणि तसंच निथळत बैठकीतून चौदा पावलं चालत समोरच्या कोनाड्यातल्या देवापुढं यायचं. पिंडीवर तांब्या रिकामा करायचा. पाटावर बसायचं. एकशे आठ मणी. मग उठून कोरडं नेसायचं आणि फडक्यानं पाण्याची वाट पुसून घ्यायची. पूर्वी घरात शहाबादी फरशी होती. काळपट, खडबडीत, ठिकठिकाणी पोपडे निघालेली. तिच्या पावलांचं पाणी ती पिऊन टाकी. माळ संपेपर्यंत अर्धी वाट सुकलेली असे. तीन वर्षांपूर्वी हरीशनं हौसेनं ती काढून ही पांढरी बसवली. पहिल्याच पहाटे माळ संपवून ती उठली आणि तिनं पाहिलं, पाणी पडलं तसं उभं होतं. थेंबाचा थेंब, न्हाणीपासून पाटापर्यंत. पसरलं नव्हतं, मुरलं नव्हतं. ती बघतच राहिली होती. सुंदर दिसत होतं ते. तिच्या भक्तीची वाट कुणी आखून ठेवावी तसं. हे तेव्हा मनात आलं होतं, आणि आता ते आठवायला नको वाटे.

माघातली ती पहाट. माळ मध्यावरून पुढं गेली होती. मागं खाट करकरली, तिनं ऐकलं. ते इतक्या लवकर कधी उठत नसत. मग ओल्या पावलाचा चर्र असा आवाज, आणि मग ट्रकमधून फळी खाली टाकावी तसा. तांब्या गडगडत कुठंतरी भिंतीला लागला. आणि मग हाक. "अगं." एकदाच. मोठ्यानं नाही, जेवताना मीठ मागावं तशी.

तिच्या बोटात त्या वेळी सागवानी मणी होता. हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण बाकीचे सगळे मणी रुद्राक्षाचे आणि हा एक लाकडाचा. फार वर्षांपूर्वी माळ तुटली होती, एक मणी मोरीत वाहून गेला. ती दिवसभर जेवली नव्हती. संध्याकाळी ते मशीनवरून आले तेव्हा खिशातून कागदाची पुडी काढली. सागाच्या चिपेतून कोरून, घासून, भोक पाडून आणलेला मणी. स्वतःच बसून माळ ओवली, मोजून. मेरुमण्यापासून सत्याहत्तरावा. "एकशे सात देवाचे, एक माझा," असं म्हणाले होते. "माझ्यापाशी आलीस की समजायचं, एकतीस राहिले." तेव्हापासून तिचं बोट त्या गुळगुळीत मण्यावर आलं की तिला तेवढंच कळे, की एकतीस राहिले.

एकतीस राहिले. तिनं ते केले.

आपण हे केलं, असं तिला कित्येक दिवस वाटतच नव्हतं. ते झालं होतं. धरलेली माळ मेरूच्या आधी खाली ठेवायची नाही. अंगठा पुढं सरकत होता आणि तिचं अंग थिजलं होतं आणि कान मागं लागले होते. प्रत्येक मण्याला ती वाट बघत होती, की दुसरी हाक येईल. दुसरी आली असती तर उठले असते. हे तिनं स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं. फार लागलं असतं तर माणूस पुन्हा ओरडला नसता का? पडला तो उठलाही असेल. ती मागं वळून बघत नव्हती, कारण बघितलं असतं तर उठावं लागलं असतं. हेही तिला तेव्हाच कळत होतं. मेरुमणी बोटाला लागला तेव्हा तिनं माळ डोळ्यांना लावली, गोमुखीत ठेवली, नमस्कार केला. नमस्कारसुद्धा केला. मग उठली. ते कुशीवर पडले होते, पाय भलत्याच दिशेला, आणि तिच्याकडेच बघत होते. ती वाकली तेव्हा तिच्या लुगड्याचं पाणी त्यांच्या तोंडावर ठिबकलं. ते म्हणाले, "ओली हाईस तू. कोरडं नेस आधी."

लोक जमले, ॲम्ब्युलन्स आली. सगळीकडे पाणी बघून जो तो विचारत होता. आणि ते स्ट्रेचरवरून, दात आवळून, सगळ्यांना एकच सांगत होते, "माझाच पाय लागला तांब्याला. उशाशी ठिवला व्हता." सगळ्यांना पटलं. तांब्या भिंतीशी पडलाच होता. तिनंही मान हलवली. तो तांब्या कालचा, अर्धाच भरलेला होता, एवढं पाणी त्यात मावलं नसतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या आलं होतं का? त्यांना खरोखरच तसं वाटत होतं, की ते तिला झाकत होते? दोन महिने ती त्यांना भरवत होती, पुसत होती, कूस बदलून देत होती, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून तेवढं एकच शोधत होती. कधी वाटे, माहीत नाही. कधी ते नुसतेच छताकडे बघत असले तरी वाटे, माहीत आहे. आणि रोज पहाटे ती न्हाणीतून निथळत निघे, खाटेपासून लांबून, भिंतीच्या कडेनं, आता चौदाच्या जागी एकोणीस पावलं. नेम सोडला नव्हता. उलट आता सोडणं अशक्य झालं होतं. सोडला, तर त्या एकतीस मण्यांना काय म्हणायचं? रोजचा नेम चालू होता तोवर ते एकतीस त्या नेमातलेच होते. तो बंद केला, की ते एकटे उरणार होते. म्हणून सागवान. सागवान भिजतं अन् वाळतं.

दुपारी पुंजाजी आले, तिचे धाकटे दीर. मोटारसायकलला आडवी बांधून एक फळी घेऊन डोंगरकड्याहून. शेतावर हळद उकडायच्या कढया चालू होत्या, अंगाला धुराचा वास, डोळे लाल. फळी त्यांनी भावाच्या खाटेला टेकवून उभी केली. "हे घ्या, दादा. तुमच्या हातचं झाड. वहिनीनं आठ दिवसांत चारदा फोन केला, म्हणलं एकदा दाखवूनच टाकावं." विश्वंभररावांनी तळवा ठेवला फळीवर. ठेवला तो काढलाच नाही. "गाभा दाट भरलाय," ते म्हणाले. पुंजाजी चहा फुंकत म्हणाले, "पण वहिनी, खरं सांगू का, मला कळून न्हाई राहिलं. दादाला लवकर चालतं करायचं सोडून तुमी सागवानापायी काहून अडून बसल्या? सागवान काय, पुढल्या वर्साला बी टाकता येईल. ते कुठं पळून चाललंय? पाय मात्र चालला." "त्यांची आवड..." ती म्हणाली. "आवं, दादाची आवड मला ठावी न्हाई व्हय? त्यांची आवड तंबाखूची बी हाय, ती सोडवलीच ना तुमी!" ते मोठ्यानं हसले. विश्वंभरराव हसले नाहीत. ते तिच्याकडे बघत होते, हात फळीवर तसाच. ती कपबशा उचलून आत गेली. स्वयंपाकघरात उभी राहून तिनं नळ सोडला आणि पाणी नुसतंच वाहू दिलं.

पुंजाजी गेल्यावर तिला सुचलं ते हे, आणि सुचलं तेव्हा ते अगदी साधं आणि सरळ वाटलं: बघू तरी, खरंच फुगतं का. माणसानं पारखून घ्यावं. तिनं लालसिंगचा तुकडा देवपूजेच्या जुन्या ताम्हनात ठेवला आणि कडा बुडतील एवढं पाणी ओतलं. वरचा फोटो ओला होऊन आणखी झळकला. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर तिनं तो काढला. एका बाजूची कड खरोखरच उठली होती. फुगून तिचा ओठ झाला होता, आणि वरचा चकचकीत पापुद्रा त्यावरून सुटायला लागला होता. आत ओला, पिठूळ, तपकिरी लगदा. तिला बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर तिला जिंकल्यासारखं वाटलं. ती तो तुकडा फडक्यावर घेऊन बैठकीत आली. "बघा," ती म्हणाली, नेहमीपेक्षा मोठ्यानं. "एका दिवसात फुगलं. असलं घालून उपयोग काय?"

त्यांनी तुकडा घेतला. फुगलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, सावकाश, एकदा इकडून, एकदा तिकडून. बाहेर हळदीचा ट्रॅक्टर खडखडत गेला. मग म्हणाले, "पण पाणी कोन टाकणार हाय ह्याच्यावर?"

ती उभीच राहिली. हातातलं फडकं तिनं घडी केलं, पुन्हा उलगडलं. तोंडात वाक्य तयार होतं, सांडलं कधी तांब्यातलं तर, आणि ते तिथंच वाळून गेलं. विश्वंभररावांनी तुकडा मांडीवर ठेवला. ते तिच्याकडे नव्हते बघत, समोरच्या कोनाड्याकडे बघत होते, जिथं गोमुखी खुंटीला लटकत होती.

"हरीशची माय," ते म्हणाले. "एक इचारू?"

"काय?"

"त्या दिवशी माझा मणी गेला व्हता का?"

सगळं अंग एकदम हलकं झालं तिचं, ताप उतरताना होतं तसं. ती खाटेच्या कडेला टेकली. खोटं बोलता आलं असतं. तेही बोलता यावं म्हणूनच त्यांनी असं विचारलं होतं, हे तिला दिसत होतं. गेला होता, सरतच आली होती, एवढं म्हटलं असतं तर ते मान हलवणार होते आणि हा विषय जन्मात पुन्हा निघणार नव्हता.

"हातात होता," ती म्हणाली.

इतक्या हळू, की त्यांनी ऐकलं नसेल असं तिला वाटलं. पण पंखा बंद होता. "म्हंजे एकतीस," ते म्हणाले. "मला वाटलं व्हतं, चार-दोन राहिले असतील. म्हणून म्हणलं, व्हऊ द्यावी तुझी. एकदाच हाक मारली मी." त्यांचा अंगठा पुन्हा त्या फुगलेल्या कडेवर गेला. "चार-दोन असतील, असंच धरून चाललो मी इतके दिस."

तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. त्याऐवजी आठवली ती औंढ्याच्या देवळाच्या पायऱ्यांवरची नानीबाई. नवस बोलायला ती गेली होती तेव्हा तिथं जप करत बसणारी, तोंडात एकही दात नसलेली म्हातारी. माळेचा नियम तिनंच सांगितला होता: धरलेली माळ, पोरी, मेरूच्या आधी खाली ठेवू नाही. तेहतीस वर्षं जनकानं ते वाक्य मनाशी धरलं होतं. आज, आत्ता, त्या वाक्याच्या पुढचं दिसलं. असं सांगून नानीबाई पुन्हा जपाला लागली, आणि दोन-चार मणी झाले नसतील तोच एक शेळी येऊन तिच्या टोपलीतल्या फुलांना तोंड घालायला लागली. नानीबाईनं माळ धाडकन पायरीवर टाकली, "हाड् तुझ्या मायला!" म्हणत उठली, शेळीला खालच्या पायरीपर्यंत हाकलून आली, आणि बसून माळ जिथून हाताला लागली तिथून पुढं ओढायला लागली. जनका हसली होती तेव्हा. पोरगं तापानं फणफणत असताना ती हसली होती. नियम लक्षात राहिला आणि शेळी विसरली. कशी विसरली? फुलांसाठी म्हातारी उठली होती. टोपलीभर फुलांसाठी.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. तिच्या तोंडावर काही उमटलं असावं.

"काही नाही," ती म्हणाली. "लालसिंगला फोन करते. हेच टाकायला सांगते."

"अन् तुझा नेम?"

तिनं त्यांच्या मांडीवरचा फुगलेला तुकडा उचलून फडक्यात गुंडाळला. तिला वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ दे, झालं ते झालं. त्यांनी तसं म्हटलं नाही. फक्त पुंजाजींनी आणलेल्या फळीवर हात ठेवून ते बसले, आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी तिच्याशी पाणी दे, उशी दे, याच्यापलीकडे शब्द काढला नाही. ते सोसणं होतं की राग, की नुसतंच मोजणं, चार-दोन आणि एकतीस यांच्यामधलं, ते तिला कळेना. आता न कळण्याची पाळी तिची होती.

दोन दिवसांत जमीन झाली. लालसिंग स्वतः येऊन बसला होता. फोमच्या निळ्या घड्या उलगडल्या, फळीत फळी टकटक अडकत गेली, दारं कापावी लागली नाहीत. ती पांढरी फरशी दिसेनाशी होत गेली, तिच्या पाण्याच्या वाटेसकट. शेवटची पट्टी भिंतीला ठोकून लालसिंग म्हणाला, "काका, लाकडासारखं दिसतंय का न्हाई?" विश्वंभरराव म्हणाले, "दिसतंय." मग लालसिंग जनकाला म्हणाला, "मावशी, पाणी तेवढं..." "माहीत आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं न्हाणीत अंगावर पाणी घेतलं आणि तिथंच उभ्या उभ्या कोरडं नेसली. केस पिळले, पंच्यात बांधले. उंबऱ्याशी थांबून दोन्ही तळवे पायपुसण्यावर घासले, पुन्हा घासले. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा अंगाला काही चिकटलं नव्हतं, आणि तिला उघडं पडल्यासारखं वाटत होतं. चौदा पावलं. मागं काही उमटत नव्हतं. तिनं वळून पाहिलं. पायाखाली जमीन थोडी पोकळ वाजत होती, फोमवरची. देवापुढं ताम्हनात पिंडी ठेवून तिनं तांब्या अगदी बारीक धारेनं ओतला, एक थेंब बाहेर जाऊ न देता. ऐकून घे, एवढंच तिनं मनात म्हटलं, पुढचं काही सुचलं नाही. माळ घेतली. मणी सरकायला लागले. गंधाचा सुका वास, थंड वाऱ्याची झुळूक, मागं त्यांचा श्वास. तिचं लक्ष जपात नव्हतं, मागं होतं. उठलेत की झोपलेत. खाट करकरली. तिचा अंगठा थांबला. नाही, कूस बदलली असेल. पुन्हा सरकला. वॉकरचं रबर जमिनीला लागल्याचा दबका आवाज. आणि मग हाक. "अगं." एकदाच. तशीच, मीठ मागावं तशी.

माळ तिच्या हातातून कुठं गेली ते तिनं पाहिलं नाही. ती उठली, पाट पायाला लागून सरकला, तीन-चार ढांगांत ती खाटेपाशी होती. ते उभे होते. वॉकरच्या दांड्या दोन्ही मुठींत, उजवं पाऊल लॅमिनेटवर अख्खं टेकलेलं, बोटं जरा आकसलेली. कपाळ घामानं भिजलेलं. ते तिच्या तोंडाकडे बघत होते, टकटक करून कान द्यावा तसे.

"काय झालं? काय पाहिजे?" तिला धाप लागली होती.

"काही न्हाई," ते म्हणाले. "उभा राहून पाह्यलं." मग, "जा. राहिली असंल तुझी."

ते उद्याही हाक मारतील, हे तिला कळलं. परवाही. किती दिवस, ते त्यांचं ते ठरवणार होते, आणि तिनं दर वेळी उठायचं होतं. त्यांना हळूच खाटेवर बसवून ती कोनाड्यापाशी आली. माळ पाटाशेजारी नव्या जमिनीवर पडली होती, वेटोळं होऊन. तिनं ती उचलली आणि मणी चाचपू लागली. कुठं थांबले होते मी? बोट पुढं गेलं, मागं आलं. सागवानी मणी गुळगुळीत हाताला लागला. तो येऊन गेला होता की अजून यायचा होता, ते काही केल्या तिला आठवेना.